काकांची राजदूत सुरू झाली, पण रस्त्यावर नेता येत नाही: जुन्या मोटरसायकलींबद्दल कायदा नेमकं काय म्हणतो?

जानेवारीतला एक रविवार. नंदुरबार जिल्ह्यातलं काठी गाव, घरामागची पडवी, आणि किक मारून मारून दुखायला लागलेला माझा उजवा पाय. कितव्या किकला ते मोजायचं राहून गेलं, पण राजदूत सुरू झाली. वीसेक वर्षं बंद असलेली गाडी. पांढऱ्या धुराने पडवी भरली, कोंबड्या पळाल्या, शेजारची चार पोरं मोबाईल काढून धावत आली.

पोरांचा पहिला प्रश्न होता, "आता मोलगीला नेणार?"

नाही. मोलगी म्हणजे इथल्या आठवडी बाजाराचं गाव, काठीपासून जवळच. पण तिथपर्यंत ही गाडी आज कायद्याने नेता येत नाही. का येत नाही, हे समजून घ्यायला मला इंजिन उघडण्यापेक्षा जास्त वेळ लागला. आणि हा प्रश्न माझ्या एकट्याचा नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांच्या मागे एखादी राजदूत, येझदी, जावा, बुलेट किंवा लॅम्ब्रेटा ताडपत्रीखाली उभी आहे, आणि घरातलं कुणीतरी रील बघून म्हणतंय की चला, आजोबांची गाडी परत चालू करू.

म्हणून हा विषय जरा नीट बघू.

आधी ही गाडी काठीत काय करत होती?

काठी हे अक्कलकुवा तालुक्यातलं सातपुड्यातलं गाव. बाहेरच्या लोकांना ते राजवाडी होळीमुळे माहिती असतं. ही होळी १२४६ सालापासून चालत आल्याचं सांगितलं जातं. उंचच्या उंच बांबू उभा करतात, रात्रभर ढोल वाजतात, आणि पहाटे होळी पेटते. महाराष्ट्राबरोबर गुजरात आणि मध्य प्रदेशातूनही माणसं येतात. इंग्रजांच्या काळात खानदेशातल्या मेहवासी संस्थानांपैकी काठी हे एक होतं.

माझे मोठे काका इथे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. १९७८ साली त्यांनी धुळ्यातून नवी राजदूत घेतली. तेव्हा नंदुरबार जिल्हाच नव्हता. तो १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला. अक्कलकुव्याहून देवगोई घाट चढून वर यायचं म्हणजे तेव्हा रस्त्यापेक्षा नशिबावर भरवसा जास्त. पावसाळ्यात काका गाडी खाली ठेवूनच वर यायचे. उन्हाळ्यात मात्र तीच गाडी दवाखान्याची गाडी व्हायची, पोस्टाची व्हायची, पगार आणायचीही व्हायची.

ते ज्यांच्याकडे भाड्याने राहायचे, त्यांचा मुलगा याच गाडीवर चालवायला शिकला. आज ते पन्नाशीत आहेत, मी त्यांना दादा म्हणतो. काका २००६ मध्ये गेले, पण गाडी दादांच्या पडवीतच राहिली. मधल्या काळात भंगारवाले किती आले त्याची गणती नाही. "गुरुजींची गाडी आहे, तुम्ही लोक याल कधीतरी," असं दादा म्हणाले, तेव्हा मला जरा लाज वाटली. गेल्या वर्षी होळीला गेलो होतो, तेव्हाची ही गोष्ट. त्या दिवशी ठरलं की पुढच्या होळीपर्यंत गाडी उभी करायची.

आता कायदा: "व्हिंटेज" कशाला म्हणायचं?

या शब्दाचे सध्या तीन अर्थ चालतात आणि तिथेच गोंधळ होतो.

रीलमध्ये १९९५ ची यामाहा पण व्हिंटेज असते. जुन्या गाड्यांच्या क्लबांच्या जुन्या वर्गवारीत व्हिंटेज म्हणजे साधारण १९१९ ते १९३० मधली गाडी, त्यानंतरच्यांना वेगळी नावं आहेत. आणि भारत सरकारच्या लेखी व्हिंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटून गेलेली दुचाकी किंवा चारचाकी.

ही तिसरी व्याख्या जुलै २०२१ मध्ये आली. रस्ते वाहतूक मंत्रालयाने केंद्रीय मोटार वाहन नियमांमध्ये ८१अ पासून पुढचे नवे नियम घातले. त्याआधी देशात अशा गाड्यांसाठी वेगळी नोंदणीच नव्हती. नियम थोडक्यात असे: गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरबदल केलेला नको. अर्ज नमुना २० मध्ये करायचा, सोबत विमा आणि जुनं आरसी बुक. गाडी आधीच नोंदलेली असेल तर जुना नंबर कायम ठेवता येतो. नव्याने नोंदणी असेल तर नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर "व्हीए" ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, ती १० वर्षं चालते, आणि पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये.

आणि सगळ्यात महत्त्वाची अट. व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, धंद्यासाठीही नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच.

आता आमची राजदूत या चौकटीत बसवून बघा. नोंदणी १९७८ ची. म्हणजे २०२८ उजाडेपर्यंत ती व्हिंटेज नाही. आणि २०२८ नंतर व्हिंटेज झालीच, तर मोलगीच्या बाजाराला नेता येणार नाही, कारण बाजार म्हणजे रॅली नाही. (आठवडी बाजारात जेवढ्या जुन्या गाड्या दिसतात तेवढ्या कुठल्याही रॅलीत दिसणार नाहीत, पण ते जाऊ द्या.)

मग उरतो दुसरा रस्ता: साधी जुनी गाडी म्हणून नोंदणीचं नूतनीकरण.

नूतनीकरणाचं गणित

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षं चालते. त्यानंतर गाडी दाखवून दर ५ वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. मोटरसायकलसाठी ही फी आधी ३०० रुपये होती. १ एप्रिल २०२२ पासून ती १,००० झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने आणखी एक बदल केला: २० वर्षांपेक्षा जुन्या मोटरसायकलला नूतनीकरणासाठी २,००० रुपये. हलक्या चारचाकीला १०,०००, आणि आयात केलेल्या दुचाकीला थेट २०,०००. जीएसटी वेगळा. महाराष्ट्रात याशिवाय १५ वर्षांवरच्या खासगी गाड्यांना पर्यावरण कर आहे.

दोन हजार रुपये ऐकायला फार नाहीत. खरा फटका उशिराचा आहे. २०२२ पासून लागू झालेल्या नियमात मोटरसायकलच्या नूतनीकरणाला उशीर झाला तर दर महिन्याला ३०० रुपये जादा फी आहे. वर्षाला ३,६००. आमच्या आरसी बुकावर शेवटचा शिक्का २००४ पर्यंतचा आहे. मागचं सगळं सोडून दिलं आणि फक्त एप्रिल २०२२ पासून जानेवारी २०२६ पर्यंत मोजलं, तरी ४६ महिने होतात. १३,८०० रुपये. चालू स्थितीतली साधी राजदूत याच्या आसपास विकत मिळून जाते. भंगारवाल्याने आमच्या गाडीचे अडीच हजार सांगितले होते.

तुमची गाडी अशीच अडकली असेल तर सुटे भाग मागवायच्या आधी उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात जा आणि हा हिशोब कागदावर मागा. मी उलटं केलं. आधी पिस्टन आणला, मग नियम वाचले.

हे धोरण कुठून आलं तेही बघू. ऑगस्ट २०२१ मध्ये वाहन स्क्रॅपिंग धोरण जाहीर झालं. जुन्या, धूर ओकणाऱ्या, असुरक्षित गाड्या रस्त्यावरून काढायच्या, म्हणून जुनी गाडी ठेवणं महाग करायचं आणि भंगारात काढणाऱ्याला सवलत द्यायची. उद्देश चुकीचा नाही. राजदूत टू-स्ट्रोक आहे, पेट्रोलबरोबर तेलही जाळते आणि जेवढा धूर सोडते तो मी स्वतः गिळलाय. रोज हजारो राजदूत पुण्यात फिरायला लागल्या तर मीच तक्रार करीन. पण वर्षातून तीस दिवस, सातपुड्यातल्या रस्त्यावर, पीयूसी काढून चालणारी एक गाडी? तिच्यासाठी नियमांत जागा नाही. एका बाजूला संग्रहालयातली गाडी, दुसऱ्या बाजूला भंगार. मधली घरची गाडी कुठल्याच खान्यात बसत नाही.

पीयूसीचं म्हणाल तर तिथे नियम उलट समजूतदार आहे. मार्च २००० च्या आधी बनलेल्या दुचाकींना वेगळी मर्यादा आहे: कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९,००० पीपीएम. नीट ट्यून केलेलं जुनं इंजिन यात बसू शकतं. म्हणजे गाडी जशी बनली त्या काळाच्या मापाने तिला मोजायचं, हे तत्त्व आपल्या नियमांत आधीपासून आहे. फीच्या बाबतीत मात्र ते विसरलं गेलं.

लोखंडापेक्षा कागद जास्त गंजतो

गाडी काकांच्या नावावर, काका हयात नाहीत. अशा वेळी साध्या विक्रीचे फॉर्म चालत नाहीत. मालकाच्या मृत्यूनंतरच्या हस्तांतरणासाठी नमुना ३१ आहे. मृत्यूची माहिती ३० दिवसांत कळवायची आणि तीन महिन्यांत गाडी नावावर करून घ्यायची, असं कायदा सांगतो. आमच्या घरात कुणालाच हे माहिती नव्हतं. आता काकूंचं संमतिपत्र, दोन्ही चुलत बहिणींची ना-हरकत, मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद, सगळं गोळा करणं चाललंय. काकू म्हणाल्या, "नावावर कोणाच्या पण करा, विकू नका म्हणजे झालं." हे वाक्य कुठल्या नमुन्यात भरायचं ते काही सापडलं नाही.

दुसरी अडचण नंबरची. "एमएच" ही राज्याची अक्षरं आणि पुढे जिल्ह्याचा आकडा ही पद्धत १ जुलै १९८९ पासूनची, नव्या मोटार वाहन कायद्याबरोबर आलेली. त्याआधी महाराष्ट्रात एम पासून सुरू होणारी तीन अक्षरं असायची. असे जुने नंबर हाताने लिहिलेल्या रजिस्टरांत आहेत. वाहन या सरकारी संगणक प्रणालीत टाकून बघा, बऱ्याचदा काहीच दिसत नाही. मग कार्यालयातलं मूळ रजिस्टर शोधून जुन्या नोंदीची "बॅकलॉग एंट्री" करून घ्यावी लागते. आमच्यासाठी तर जिल्हाच बदललेला. गाडी धुळ्याची, धुळे म्हणजे एमएच-१८, आणि गाव आता नंदुरबारचं, म्हणजे एमएच-३९.

तुमच्याकडे आरसी बुकच नसेल तर पोलिसांत हरवल्याची नोंद करून नमुना २६ मध्ये दुय्यम प्रतीचा अर्ज करावा लागतो. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी इथे फार सांभाळा. "पेपर नाहीत पण गाडी एक नंबर आहे" अशी जाहिरात दिसली की पुढे सरका. कागद नसलेली गाडी तुम्ही कितीही चमकवली तरी ती शोभेची वस्तू राहते, आणि चोरीची निघाली तर शोभेचीही राहत नाही.

नोंदणी नसताना चालवलीच तर? पहिल्या वेळी ५,००० रुपयांपर्यंत दंड. विमा नसेल तर वेगळे २,०००. आणि दंड ही सोपी गोष्ट आहे. विमा नसलेल्या गाडीने कुणाला धक्का लागला, तर त्या माणसाची भरपाई तुमच्या खिशातून जाते. देवगोई घाटातली वळणं ज्यांनी बघितली आहेत त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल.

गाडी उघडताना काय शिकलो

मी मास कम्युनिकेशन केलेला माणूस. पाना कसा धरायचा इथपासून सुरुवात होती. दादांना थोडंफार यायचं, अक्कलकुव्याच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी बाकीचं शिकवलं. त्यांचा पहिला हुकूम असा, की रंगाला हात लावायचा नाही. हौशी माणूस आधी रंग देतो, मग इंजिनाकडे वळतो, आणि पैसे तिथेच संपतात.

दुसरं म्हणजे किक मारायची नाही. वर्षानुवर्षं बंद असलेल्या इंजिनात पिस्टन सिलेंडरला चिकटलेला असतो. जोर लावला की रिंग तुटते. प्लग काढून त्या भोकातून डिझेल आणि इंजिन ऑइल सोडायचं, दोन-चार दिवस थांबायचं, मग हळूहळू हलवायचं. आमचा पिस्टन नवव्या दिवशी हलला. दादांनी त्या आनंदात मोहाची फुलं टाकून केलेली भाकरी खायला घातली.

राजदूतचं इंजिन १७३ सीसीचं, एका सिलेंडरचं. हे यंत्र मूळ पोलंडचं. तिथल्या एसएचएल या गाडीचं तंत्रज्ञान घेऊन एस्कॉर्ट्स कंपनीने साठच्या दशकात राजदूत बनवायला सुरुवात केली. टू-स्ट्रोक असल्यामुळे व्हॉल्व्ह, कॅम असली भानगड नाही, सुटे भाग मोजके. हौशी माणसाला यापेक्षा सोपं इंजिन मिळणार नाही. पण एक खोच आहे, आणि नवशिके तिथेच फसतात.

टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आधी खाली क्रँकच्या पेटीत येतं, तिथे दाबलं जातं आणि मग वर जातं. म्हणजे ती पेटी हवाबंद असायलाच हवी. क्रँकच्या दोन्ही बाजूंना रबरी सील असतात. वीस वर्षांत ते लाकडासारखे कडक होतात. बाहेरून काही दिसत नाही. गाडी सुरूही होते. पण सीलमधून जादा हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं, आणि घाटात ऐन चढावर पिस्टन जाम होतो. नवे सील अगदी स्वस्त असतात. ते न बदलल्यामुळे होणारं नुकसान म्हणजे नवा पिस्टन, लेथवर पुन्हा बोअर, आणि नशीब वाईट असेल तर क्रँकसुद्धा. म्हणून इंजिन सुरू होत असेल तरी सील बदला.

सिलेंडर झिजला असेल तर लेथवाल्याकडून बोअर मोठा करून घेतात आणि पुढच्या मापाचा पिस्टन टाकतात. मापं पाव-पाव मिलिमीटरने वाढतात. हा फेरबदल नाही, साधी दुरुस्ती आहे. पण दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवलंत, पुढे डिस्क ब्रेक लावलात, चेसिस कापून लांब केलीत, तर गोष्ट बदलते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापासून गाडी बदलायला मनाई करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. रीलमध्ये दिसणाऱ्या अर्ध्याअधिक "रिस्टोर" केलेल्या गाड्या या कसोटीवर नापास होतील. पुढे ५० वर्षं झाल्यावर व्हिंटेज नोंदणीलाही त्या मुकतील.

इंजिन आणि चेसिसवरचे कोरलेले नंबर मात्र जिवापाड जपा. गंज काढताना उत्साहाच्या भरात कुणी पॉलिश पेपर जोरात घासतं आणि आकडे पुसट होतात. आरटीओत त्या नंबरांचा पेन्सिलने ठसा घेतात. आकडे जुळले नाहीत तर पुढचं सगळं थांबतं.

टाकीत गंजाचा चिखल होता. धुतलेली बारीक खडी आणि व्हिनेगर घालून दोन दिवस हलवत बसलो, मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने विसळली, उन्हात सुकवली आणि आतून तेल फिरवलं. टाकीला भोक असेल तर स्वतः वेल्डिंग करायला जाऊ नका. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीत पेट्रोलची वाफ असते आणि ती टाकी फुटते. ब्रेकचे ड्रमही फुंकर मारून किंवा हवेच्या पाइपने साफ करू नका. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो, तो श्वासातून जाऊ द्यायचा नसतो. ओल्या फडक्याने पुसा.

सुटे भाग हा जुगार आहे. जावा-येझदीवाल्यांचं बरं चाललंय. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून त्या गाड्या बनल्या. कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, पण चाहत्यांनी गावोगाव क्लब काढले, जुलैच्या दुसऱ्या रविवारी दरवर्षी जावा दिवस साजरा होतो, आणि २०१८ मध्ये तर जावा हे नाव नव्या गाड्यांवर परत आलं. मागणी आहे म्हणून भाग बनतात. राजदूतचे चाहते विखुरलेले. दिल्लीचं करोल बाग, पुण्याचा जुना बाजार, आणि एखाद्या तालुक्याच्या गावातलं कुलूप लागायच्या बेतात असलेलं स्पेअर पार्टचं दुकान. आमचा कार्बोरेटरचा फ्लोट अशाच एका दुकानातून आला. मालकांनी पैसे घेतले नाहीत, त्यांच्या वडिलांकडेही राजदूत होती म्हणे.

आणि आता पेट्रोलच बदललंय

गाडी दुरुस्त झाली तरी तिच्यात घालायचं काय, हा नवा प्रश्न आहे. आता पंपावर मिळतं ते पेट्रोल ई२० आहे, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. हे लक्ष्य आधी २०३० चं होतं, ते अलीकडे आणून २०२५ मध्ये गाठलं. एप्रिल २०२३ पासून बनणाऱ्या गाड्यांचे भाग ई२० ला चालतील असे आहेत. १९७८ च्या गाडीचं काय?

तीन गोष्टी होतात. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं किंवा ठिसूळ करतं, म्हणून पेट्रोलची नळी, कॉकचं वॉशर, कार्बोरेटरची पॅकिंग बदलावी लागतात. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून पेट्रोल भरून महिनोन्महिने उभी ठेवलेली गाडी आतून गंजते. आणि इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे मिश्रण पातळ होतं. नव्या गाडीत सेन्सर ते ओळखून इंधन वाढवतो. राजदूतमध्ये सेन्सर म्हणजे चालवणाऱ्याचे कान. जेट बदलून हाताने जुळवावं लागतं.

ऑगस्ट २०२५ मध्ये या विषयावर मोठा वाद झाला, तेव्हा पेट्रोलियम मंत्रालयाने बहुतेक भीती निराधार असल्याचं सांगितलं आणि काही जुन्या गाड्यांत २०-३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग बदलावे लागू शकतात, एवढं मान्य केलं. इथेनॉल नसलेल्या पेट्रोलचा पर्याय मिळावा म्हणून केलेली याचिका १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. माझं मत विचाराल तर ई२० मुळे राजदूत मरणार नाही. चाळीस रुपयांची नळी बदला, दोन आठवड्यांहून जास्त उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामा करा, आणि टूटी ऑइल मोजून घाला.

मग कायदा नक्की कुणासाठी लिहिलाय?

२०२१ चे नियम वाचताना डोळ्यासमोर येते ती राजवाड्यातली मोटार. तिच्या मालकाला २०,००० रुपये म्हणजे एका टायरचेही पैसे नाहीत, आणि ती गाडी तशीही रॅलीपुरतीच बाहेर येते. त्या जगासाठी नियम चांगले आहेत, आणि ते येण्याआधीचा गोंधळ बघता गरजेचेही होते. पण शिक्षकाची राजदूत, दूधवाल्याची येझदी, फौजदाराची बुलेट यांचा इतिहास कोणत्याही रोल्स रॉइसपेक्षा कमी नाही. महाराष्ट्रातली खेडी मोटरवर बसली ती या गाड्यांवर.

बाहेर काय करतात? ब्रिटनमध्ये ४० वर्षांवरची खासगी गाडी ऐतिहासिक मानून रोड टॅक्स माफ होतो, मोठे बदल केलेले नसतील तर वार्षिक तपासणीही सक्तीची नाही, आणि दुकानात जायलाही ती वापरता येते. जर्मनीत ३० वर्षांनंतर नंबराच्या शेवटी "एच" लागतो, त्यासाठी गाडी मूळ स्थितीत आणि धडधाकट असल्याची तज्ज्ञाकडून तपासणी होते, मग प्रदूषण-बंदी असलेल्या शहरी भागातही ती नेता येते. दोन्हीकडे सूट आहे, पण गाडी मूळ रूपात ठेवण्याच्या बदल्यात. आपल्याकडे ३० ते ५० वर्षांमधल्या गाडीला ही देवाणघेवाणच नाही.

मला वाटतं उत्तर फार अवघड नाही. ३० वर्षांवरच्या, मूळ स्थितीतल्या दुचाकींसाठी एक मधला वर्ग, कमी फी, वर्षाला ठरावीक किलोमीटरची मर्यादा, पीयूसी आणि विमा सक्तीचा. आणि मालक वारलेल्या गाड्यांसाठी उशिराच्या फीमध्ये एकदाची माफी. सरकार करात अभय योजना आणतं, इथेही आणता येईल.

एक छोटी गोष्ट राहिली. काकांच्या नंबर प्लेटवर नंबराच्या खाली पेंटरने हाताने लिहिलंय: प्राथमिक शिक्षक. नूतनीकरण झालं की उच्च सुरक्षा नंबर प्लेट लावावी लागेल, १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना महाराष्ट्रात ती सक्तीची आहे. जुनी प्लेट दादांनी आत्ताच मागून घेतलीय, दाराच्या वर लावणार म्हणतात.

नमुना ३१ चे कागद काकूंच्या सहीसाठी गेलेत. धुळ्यातलं रजिस्टर शोधायला अर्ज दिलाय. होळीपर्यंत काही होणार नाही, हे आता स्पष्ट आहे. त्यामुळे यंदा मी काठीला एसटीने जाईन, आणि पहाटे होळी पेटल्यावर पडवीत जाऊन गाडीला एक किक मारीन. दादांच्या घराचं अंगण खासगी आहे, तिथे आरसी लागत नाही.